पुराणांची खतावणी

श्रावण आला म्हणजे कित्येक घरी आजही पोथी लागते. पनवेल तालुक्यातील बेलपाडा हे गाव आता खारघर नगरात मिसळून गेले आहे. तरी तेथील एखाद्या घरी पांडवप्रताप चालू असता शाळकरी मुलीने ‘शिखंडी पूर्वजन्मी कोण होता?’ असे विचारले, तर तिला उत्तर कोठे दाखवावयाचे? महाभारतात अंबेचे हरण आदिपर्वात, तिची प्रतिज्ञा व पुनर्जन्म उद्योगपर्वात, भीष्मांचे पतन भीष्मपर्वात आणि शिखंडीचा वध सौप्तिकपर्वात! आमच्या व्यापारी वाचकांस ही अडचण चटकन समजेल. रोजकीर्द भरलेली आहे, पण खतावणी हाताशी नाही.

युरोपात विद्येच्या पुनरुज्जीवनकाळी हीच अडचण पडली. बोकाचिओने चौदाव्या शतकात ग्रीक-रोमन दैवतांची वंशावळ पंधरा भागांत रचली. नाताले कोंतीचा दैवतकथांवरील ग्रंथ 1567 च्या सुमारास व्हेनिस येथे छापला गेला. दोन्ही लॅटिनमध्ये. कोंतीचे समग्र इंग्रजी भाषांतर निघाले 2006 मध्ये. बोकाचिओचे मूळ व भाषांतर समोरासमोर छापणारी आवृत्ती 2011 पासून निघू लागली. म्हणजे जी इंग्रजी आपण सर्व विद्यांची किल्ली समजतो, तिच्या वाचकांसही कोंतीच्या दारी सुमारे 440 वर्षे तिष्ठावे लागले!

मराठीचे भाग्य याहून थोर. रघुनाथ भास्कर गोडबोले यांनी 1876 मध्येच ‘भरतखंडाचा प्राचीन ऐतिहासिक कोश’ सिद्ध केला. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा प्राचीन चरित्रकोश 1932 मध्ये आला. त्यात प्रत्येक चरित्राखाली आधारस्थळेही दिली आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती 19 खंडांत पुरी केली. पंडितांची सोय झाली. गृहस्थाची व्हावयाची आहे.

येथे कायदा आड येतो, अशी सबब कोणी पुढे करील. 1957 च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर पुढील वर्षापासून 60 वर्षे हक्क राहतो. चित्रावशास्त्री 1984 मध्ये वारले. त्यांच्या कोशास 2044 अखेरपर्यंत हक्कधारकाची संमती हवी. परंतु गोडबोल्यांचा कोश केव्हाच मुक्त झाला आहे. तो कोणीही छापावा. हरकत घेण्यास कोणासही जागा नाही.

मात्र जीर्ण पानांची छायाचित्रे संगणकावर चढविली म्हणजे ग्रंथ सुलभ झाला, असे आम्ही मानीत नाही. अक्षरे नव्याने जुळवावी, आधारस्थळे ताडून पाहावी, चुका दुरुस्त कराव्या, आणि किंमत अशी ठेवावी की दुकानदाराने वह्यांबरोबर तोही सहज घ्यावा. उत्सवाच्या मांडवावर खर्च करणाऱ्या मंडळांनी त्या खर्चाचा एक हिस्सा इकडे वळविल्यास देवांचा कोप होणार नाही. देवांचीच चरित्रे घरोघर पोहोचतील.

प्रश्न विचारणाऱ्या मुलीस ‘पुढे ऐक’ म्हणून गप्प करणे, हा धर्म नव्हे. तिच्या हाती ग्रंथ देणे हा धर्म होय.