सोमल शोषणारा नेचा

जुन्या दगडी भिंतींच्या सांध्यांत, चुना सुटलेल्या कमानींवर एक नेचा आपल्याकडे सहज उगवतो. लांब पात आणि तिच्या दोन्ही अंगांना अरुंद, निमुळत्या पर्णिका. पर्णिका उलटून पाहिली, की दुमडलेल्या कडेखाली बीजाणूंची तपकिरी रेघ दिसते. शास्त्रीय नाव टेरिस व्हिटाटा. विषारी माती स्वच्छ करणारी वनस्पती म्हणून त्याची ख्याती झाली ती मात्र अमेरिकेत.

मध्य फ्लोरिडात लाकडाला कीड आणि बुरशी लागू नये म्हणून तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकचे मिश्रण मुरवणारा एक कारखाना होता. तो बंद पडला, आर्सेनिक जमिनीत राहिले. आर्सेनिक म्हणजे आपल्या ओळखीच्या सोमलातले मूलद्रव्य. फ्लोरिडा विद्यापीठातील लीना मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या वनस्पती तपासल्या. दूषित मातीत वाढलेल्या या नेच्याच्या पातींत, वाळल्या वजनाच्या दर किलोमागे 1,442 ते 7,526 मिलिग्रॅम आर्सेनिक निघाले. हे संशोधन 2001 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

हे त्याला जमते कसे? मातीतले आर्सेनेट, म्हणजे आर्सेनिकचे एक रूप, रचनेने फॉस्फेटसारखे असते, त्यामुळे मुळे फॉस्फेट ज्या वाटेने घेतात त्याच वाटेने ते आत शिरते. बहुतेक झाडे ते मुळांतच अडवतात. अडवता आले नाही तर खुरटतात. नेचा ते थेट पातींत चढवतो. त्याचे आर्सेनाइट होते आणि ते पातींतल्या पेशींच्या रिक्तिकांत कोंडले जाते. पेशीचा बाकीचा कारभार बिनबोभाट चालतो. शिवाय या विषाचा नेच्याला उपयोगही आहे: प्रयोगात नाकतोड्यांनी आर्सेनिक भरलेल्या पाती खायचे टाळले.

हे वाचून कोणालाही वाटेल, लावा नेचा आणि सोडवा जमीन. इथे हिशेब मांडायला हवा. एक हेक्टर जमिनीचा वरचा 15 सेंटिमीटरचा थर साधारण 20 लाख किलो भरतो. त्यात किलोमागे 40 मिलिग्रॅम आर्सेनिक धरले, तर एकूण 80 किलो झाले. ते निम्म्यावर आणायचे, म्हणजे 40 किलो बाहेर काढायचे. वर्षाला तीन टन वाळलेली पाती निघाली आणि तिच्यात किलोमागे 2,000 मिलिग्रॅम आर्सेनिक असले, तरी हाती येतात सहा किलो. सात वर्षे तर गेलीच. पुढेपुढे मुळांना सहज मिळणारे आर्सेनिक कमी होते आणि वेग आणखी मंदावतो.

पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात तर शेतात आर्सेनिक येते ते कूपनलिकेच्या पाण्यातून. उन्हाळी बोरो भाताला हंगामात मीटरभर पाणी दिले आणि त्या पाण्यात लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम आर्सेनिक असले, तर हेक्टरी एक किलो आर्सेनिक शेतात उतरते. पाण्यातले हे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या दहापट आहे. नेच्याने वर्षभर राबून काढायचे आणि पंपाने पुन्हा ओतायचे, असे चालले तर सफाई संपणार कधी? आधी पाणी बदलले पाहिजे.

कापलेल्या पातीचे पुढे काय, हाही प्रश्न उरतोच. ती गुरांना घालता येत नाही, खतात टाकता येत नाही; उघड्यावर जाळली तर आर्सेनिक धुराबरोबर हवेत जाते. ती घातक कचरा म्हणूनच हाताळावी लागते. आणि हा नेचा सगळ्या धातूंवरचा उपायही नव्हे. शिसे मातीला इतके घट्ट धरून असते, की मोहरीसारख्या पिकाने ते उचलावे म्हणून मातीत ईडीटीए हे धातू सोडवणारे रसायन घालून पाहिले गेले. त्याने शिसे सुटले, पण सुटलेले शिसे झिरपून भूजलात जाण्याचा धोका उभा राहिला.

तरीही मी या नेच्याच्या बाजूने आहे. माती खणून दुसरीकडे नेऊन पुरली, तर जमिनीचा सुपीक थरच जातो. नेचा तो जागेवर राखतो. मात्र सात-आठ वर्षे भात न पिकवता नेचा राखणे हे अल्पभूधारकाला परवडणारे नाही. विष त्याने केलेले नाही, तेव्हा सफाईचा भारही त्याच्यावर टाकता येणार नाही. म्हणून वनस्पतींनी माती शुद्ध करण्याची योजना कुठेही जाहीर झाली, की चार गोष्टी विचारल्या पाहिजेत: मातीची तपासणी झाली का, विषाचा उगम थांबला का, कापलेली पाती कुठे जाणार आणि शेतकऱ्याला त्या वर्षांची भरपाई कोण देणार? यांची उत्तरे लेखी मिळाली, तर नेचा आपले काम चोख करील.