मोठेपणी खतना झाल्यावर

लहानपणी राहून गेलेला खतना मोठेपणी करून घेणारे भाऊ आपल्यात आहेत. लाजेपोटी ते दुखणं घरातही बोलत नाहीत. आम्ही स्पष्टच सांगतो, पहिले काही दिवस ठणका आणि सूज असणारच. डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घ्यावी, सैल लुंगी नेसावी. पहाटे ताठरता येऊन टाके ओढतात, म्हणून झोपण्यापूर्वी लघवीला जाऊन यावं. टाके बहुधा दोन-तीन आठवड्यांत विरघळतात. पत्नीपासून मात्र 6 आठवडे दूरच राहावं, जखम वरून भरलेली दिसली तरी. गुस्लची चिंता नको, पट्टीवर मसह करता येतो. रक्त थांबेना, ताप आला, पू दिसला किंवा लघवी अडली, तर मध्यरात्रीही दवाखाना गाठावा. तिथे लाज कसली?