जुन्या मालवाहू गाडीचा इंजिन-नियंत्रक संगणक : बदलण्यापूर्वी व बदलताना

वर्धा जिल्ह्यात कारंजा, आष्टी व आर्वी या भागांत संत्र्याच्या बागा आहेत, तर हिंगणघाट, देवळी व सेलू या भागांत कापूस हे मुख्य नगदी पीक होय. पूर्वी बैलगाडीने बाजारात जाणारा हा माल आता बहुतांशी लहान मालवाहू गाड्यांतून जातो. ऐन हंगामात गाडी बंद पडली तर संत्री नासतात आणि कापसाची विक्री लांबते. अशा घाईच्या वेळी ‘गाडीचा कॉम्प्युटर गेला’ असे निदान झाले, की शेतकरी पुढील विचार न करता नवा संगणक बसवितो. पुष्कळदा दोष मात्र दुसरीकडेच असतो. संगणक ही गाडीच्या विद्युत्-सामग्रीतील सर्वांत महाग वस्तूंपैकी एक आहे. म्हणून तो बदलणे हा पहिला उपाय नसून शेवटचा उपाय होय, हे ध्यानी ठेवावे.

संगणकाचे कार्य

जुन्या डिझेल इंजिनात किती तेल केव्हा सोडावयाचे हे यांत्रिक पंप ठरवीत असे. १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ ही प्रदूषण-मर्यादा साऱ्या देशात लागू झाली आणि बहुतेक नव्या डिझेल गाड्यांत हे काम विजेवर चालणाऱ्या संगणकाकडे गेले. कारागीर त्यास ‘ईसीएम’ किंवा ‘ईसीयू’ म्हणतात. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांनाही अधिक कडक मर्यादा लागू झाली असून त्यांतही असा संगणक येतो. इंजिनावरील निरनिराळे सेन्सर फेऱ्यांची गती, तापमान, तेलाचा दाब व पायपट्टीची स्थिती त्यास कळवितात. त्यावरून हिशेब करून संगणक प्रत्येक इंजेक्टरला क्षणाक्षणाला वीज पुरवितो. बातमी खोटी आली, किंवा त्याला स्वतःलाच पुरेशी वीज मिळाली नाही, तर चांगला संगणकही चुकीचे काम करतो.

संशयाची लक्षणे

इंजिन तापल्यावर बंद पडणे व निवल्यावर पुन्हा सुरू होणे, सेल्फ फिरूनही इंजिन न लागणे, एकाच वेळी अनेक दोष-संकेत दिसणे आणि तपासणी-यंत्राशी, म्हणजे स्कॅनरशी, संपर्क न होणे ही लक्षणे संगणक बिघडल्याने उद्भवू शकतात. परंतु हीच लक्षणे कमजोर बॅटरी, सैल अर्थ, जळलेला फ्यूज, निकामी रिले किंवा फिरत्या दंडाचा, म्हणजे क्रँकचा, सेन्सर यांमुळेही दिसतात. तापल्यावर इंजिन बंद पडण्यास क्रँकचा सेन्सर पुष्कळदा कारणीभूत असतो. ‘पी ०६०६’ हा संकेत संगणकाच्या आतील दोष दर्शवितो. तथापि वीजपुरवठा तपासल्याखेरीज त्यावरही विसंबू नये.

तपासणीचा क्रम

१. बॅटरी : इंजिन बंद असताना पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट भरतो. सेल्फ फिरत असताना तो १० व्होल्टच्या फार खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर तो साधारणतः १३.५ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान असावा.

२. अर्थ : सेल्फ फिरत असताना इंजिनाचे अंग व बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये मीटरवर ०.२ व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसल्यास अर्थची तार काढून, गंज घासून पुन्हा घट्ट बसवावी.

३. संगणकाचा पुरवठा : संगणकाच्या पुरवठ्याच्या तारेवर भार देऊन पाहावे. तारेतील एकच धागा शाबूत असला तरी मीटर पुरा दाब दाखविते. त्याच तारेवर गाडीच्या सिग्नलचा दिवा लावून पाहिल्यास तो मंद जळतो आणि दोष उघड होतो.

४. सेन्सरचा पुरवठा : संगणक अनेक सेन्सरांना ५ व्होल्टचा एकत्र पुरवठा करतो. एखादा सेन्सर किंवा त्याची तार आत जोडली गेली, तर हा दाब खाली येतो व अनेक सेन्सर एकदम बिघडल्यासारखे वाटतात. अशा वेळी एकेका सेन्सरचा प्लग काढावा. ज्याचा प्लग काढताच दाब पूर्ववत होतो, तेथेच दोष आहे.

५. वायरिंग : सोयाबीन अथवा कापूस साठविलेल्या गोदामाजवळ गाडी उभी राहत असल्यास उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत काय, हे पाहावे. प्लगच्या पिनांवर हिरवट गंज आहे काय, हेही पाहावे.

या पाचही गोष्टी निर्दोष ठरल्या, तरच संगणक काढावा. आतील जोड उन्हाच्या व इंजिनाच्या उष्णतेने तडकणे, पाणी शिरणे किंवा इंजेक्टरला वीज देणारा भाग जळणे हे त्याचे नेहमीचे दोष होत. यांपैकी काही कुशल कारागिराकडून दुरुस्त होतात. म्हणून नवा घेण्यापूर्वी दुरुस्तीचा विचार अवश्य करावा. आतील भाग जळला असल्यास तो कशाने जळला याचा शोध आधी घ्यावा. इंजेक्टर किंवा त्याची तार आत जोडलेली राहिली, तर नवा संगणकही त्याच वाटेने जाईल.

बदलताना घ्यावयाची दक्षता

नव्या संगणकावरील क्रमांक जुन्याशी अक्षर-अक्षर जुळवून पाहावा, कारण बाहेरून सारखे दिसणारे दोन संगणक आतील आज्ञावलीने भिन्न असू शकतात. जुना संगणक बोलत असेल तर त्यातील माहिती आधी उतरवून घ्यावी. चावी काढून काही मिनिटे थांबावे, बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडावे व शेवटी जोडावे. पिनांना बोट लावू नये. नवा संगणक बसविल्यावर गाडीचा चेसिस क्रमांक व चोरी-प्रतिबंधक चावीचा मेळ स्कॅनरने त्यात नोंदवावा लागतो. अनेक डिझेल गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला संकेतही त्यात भरावा लागतो. हे राहून गेल्यास इंजिन लागत नाही, किंवा खडखडते व धूर सोडते. वापरलेला संगणक घेताना ही नोंद होऊ शकते, अशी हमी कारागिराकडून आधी घ्यावी. पावतीवर क्रमांक व हमीची मुदत लिहून घ्यावी, आणि गाडी भारासह चालवून पाहिल्यावरच काम पुरे समजावे.

संगणक टिकविण्यासाठी

कापसाच्या हंगामापूर्वी पुष्कळ गाड्यांचे कठडे वेल्डिंग करून उंच केले जातात. त्या वेळी बॅटरीची दोन्ही टोके व संगणकाचा प्लग काढून ठेवावा. वेल्डिंग-यंत्राचा अर्थ जोडाच्या अगदी जवळ लावावा. चोवीस व्होल्टच्या ट्रकवरून बारा व्होल्टची गाडी कधीही सुरू करू नये, तसेच बॅटरीची टोके उलट जोडली जाणार नाहीत याची खात्री करावी. गाडी धुताना पाण्याचा जोरदार फवारा संगणकावर व प्लगांवर मारू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच्या बैठकीत ही पाच तपासण्या एखाद्या गाडीवर मीटर व दिवा घेऊन प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. त्यायोगे संगणक मागविण्यापूर्वी कारागिराला कोणते प्रश्न विचारावयाचे, हे शेतकऱ्यास कळेल व अकारण होणारा मोठा खर्च टळेल.