माशाच्या अंगावरचे आणि पोटातले जंतू

सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. अशा ठिकाणी मासळी खाणारी घरे पुष्कळ असणारच. रोहू, कटला, मरळ, मागूर, शिंगाळा, पावसाळ्यात बारीक मासळी. आणि उन्हाळा लागला की एक प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टरसाहेब, सकाळी पाण्यातून काढलेला मासा, दुपारी शिजवला, तरी पोट का बिघडले?"

आपल्याकडे असा समज आहे की मासा दिवसरात्र पाण्यात, म्हणजे धुतलेलाच असतो आणि जंतू त्याला बाजारात लागतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. जिवंत, निरोगी माशाच्या कातडीवर दर चौरस सेंटिमीटरला शंभरापासून एक कोटीपर्यंत जीवाणू असू शकतात. कल्ले आणि आतडी यांत तर एका ग्रॅममागे हजारापासून शंभर कोटीपर्यंत. पाणी जितके कोमट आणि गढूळ, तितकी ही संख्या जास्त. एरोमोनास, स्युडोमोनास, असिनेटोबॅक्टर ही त्यांतली नेहमीची मंडळी.

पण यांना शत्रू समजू नका. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो, त्यात जंतुनाशक द्रव्ये असतात. तो थर सतत गळतो आणि नवा तयार होतो. त्यात राहणारे निरुपद्रवी जीवाणू जागा अडवून बसतात, म्हणून रोगकारक जंतूंना सहज शिरकाव मिळत नाही. (तलावात मासे सोडताना जाळ्यात घासले गेले, खवले निघाले की पुढे ते मरतात, त्याचे एक कारण हेच.) आतड्यातले जीवाणू तर अन्न पचवायला हातभार लावतात. काही माशांत ते बी-१२ जीवनसत्त्वही तयार करतात. आपल्या आतड्यातही असाच संसार आहे.

महत्त्वाची गोष्ट ही की निरोगी माशाच्या मांसात जंतू नसतात. कातडी, कल्ले आणि आतडे येथेच त्यांना अडवलेले असते. मासा मेला की हा पहारा उठतो. आतड्यातले पाचक रस आतड्याचीच भिंत विरघळवू लागतात, पोट मऊ पडते आणि जंतू मांसात उतरतात. थंडीत याला वेळ लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. उष्ण हवेत जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात असे धरले, तर सकाळी ६ वाजताचे एक हजार जंतू दुपारी १ वाजेपर्यंत दीड कोटीच्या वर जातात. ओल्या गोणपाटाखाली टोपलीत ठेवलेल्या माशाचे हेच होते. गोणपाटाने मासा ताजा दिसतो, एवढेच.

उपाय म्हणजे बर्फ. "बर्फातला म्हणजे शिळा" असे म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, आणि मला ते पटत नाही. उलट येथे निसर्ग आपल्या बाजूने आहे. युरोपातल्या थंड समुद्रातील माशांवरचे जंतू थंडीला सरावलेले असतात, ते बर्फातही हळूहळू वाढत राहतात. आपल्या नदीतले जंतू उष्णतेचे सोबती. बर्फात ते गारठून जातात. म्हणून पकडल्याबरोबर बर्फात घातलेला आपला रोहू आठ-दहा दिवससुद्धा चांगला राहू शकतो. मात्र बर्फ माशाच्या वजनाइतका हवा, आणि लगेच हवा. दुपारी वास सुटल्यावर बर्फ घालून उपयोग नाही.

बर्फ मिळत नसेल तर घाटावरच पोट फाडून आतडी व कल्ले काढावेत. आतडी फुटून मांसाला लागू देऊ नयेत, पोकळी स्वच्छ पाण्याने धुवावी. हे पाणी नदीकाठचे, गुरे बसतात तेथले नको. ई. कोलाय किंवा टायफॉइडचे जंतू हे माशाचे स्वतःचे रहिवासी नव्हेत. ते माणसांच्या व जनावरांच्या विष्ठेतून येतात. माशाच्या नावावर खपणारी कितीतरी पोटदुखी मुळात अशा पाण्याची असते. ज्या विळीवर मासा चिरला तिच्यावर न धुता कांदा, काकडी चिरणे हा दुसरा घोटाळा. मासा नंतर उकळतो, कोशिंबीर उकळत नाही.

हळद-मीठ-लिंबू चोळल्याने वास कमी होतो, जंतू संपत नाहीत. पूर्ण शिजवल्याने मात्र नदीच्या माशावरचे बहुतेक जंतू मरतात. बांगड्यासारख्या समुद्री माशात वेगळा धोका आहे. तो उन्हात राहिला तर जंतू त्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार करतात आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होणे, अंगाला खाज, डोके ठणकणे ही लक्षणे दिसतात. लोक त्याला मासळीची अ‍ॅलर्जी समजतात.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. मागूर किंवा शिंगाळ्याचा काटा हाताला लागणे हे मासे धरणाऱ्यांना नित्याचे आहे. साध्या साबणपाण्याने धुऊन बहुतेक जखमा बऱ्या होतात. परंतु एरोमोनास जखमेत शिरला तर एका रात्रीत हात सुजतो, लाली वर चढते, फोड येतात, ताप भरतो. मधुमेही आणि यकृताचा आजार असलेल्यांत, विशेषतः नियमित दारू पिणाऱ्यांत, हा जंतू रक्तात पसरून जीव घेऊ शकतो. अशा वेळी हळद भरून वाट पाहू नये, त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठावे. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि हात काळा पडू लागल्यावर तेवढा प्रवास फार लांब ठरतो. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. आणि डॉक्टरांना "काटा लागला" एवढेच न सांगता "नदीत मासा काढताना लागला" असे सांगावे, कारण काटा म्हटल्यावर बाभळीचा समजून दिली जाणारी अ‍ॅमॉक्सिसिलीनची गोळी या जंतूवर सहसा चालत नाही. औषध वेगळे द्यावे लागते.