बिल्ला कोणाच्या छातीवरचा?

अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्या सैनिकांची ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ ही संघटना १८६६ साली निघाली. तिचा अखेरचा मेळावा १९४९ साली इंडियानापोलिसला भरला. या मेळाव्यांचे रेशमी फितीचे बिल्ले आज संग्राहक हौसेने जमवतात. त्यांवर शहर असते, साल असते. पण बिल्ला लावणारा म्हातारा कोण, हे बहुतेकदा कळत नाही. आपल्याकडचा ठेवा या बाबतीत अधिक बोलका आहे. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायाच्या ‘ब्रिटिश वॉर मेडल’च्या कडेवर त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. मजूर तुकड्यांतल्या अनेकांना तेच पदक चांदीऐवजी कांस्याचे मिळाले, म्हणजे धातूसुद्धा साक्ष देतो. १११वी महार पलटण १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ साली मोडली. अशा अल्पायुषी पलटणीतल्या शिपायाच्या घरी कागद उरला नसेल, तर कडेवरची ती ओळच त्याचा इतिहास. म्हणून संग्राहकाने धातू नव्हे, नाव जमवावे.

खानदेशातल्या विसरवाडीच्या परिसरात तर हे फारच लागू पडते. १८२५ साली खानदेश भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउट्रम पुस्तकांत सापडतो. त्याचे भिल्ल शिपाई क्वचितच. ज्यांची नोंद कोणी ठेवली नाही, त्यांच्या वारसांकडचा एखादा बिल्ला गावाच्या नावानिशी टिपला गेला पाहिजे.

संग्राहक म्हणतील, आम्ही घेतले नसते तर हे सारे सोनाराच्या मुशीत गेले असते. खरे आहे. १९८०च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा असंख्य पदके वितळली. पण कोणत्या घरातून, कोणत्या गावातून आले ते न लिहिता फळीवर टांगलेले पदक अर्धेच वाचले. घरच्यांनीच विकले, त्याला काय करणार, हा दुसरा आक्षेप. विकण्याचा हक्क त्यांचाच. गरजेला पदक मोडणाऱ्याला नावे ठेवणे हा भरल्या पोटाचा उद्योग. मात्र विकत घेणाऱ्याला दोन ओळी लिहून ठेवायला पैसे पडत नाहीत. उलट त्याचाच फायदा होतो: मूळ नाव घासून दुसरे कोरलेली पदके बाजारात फिरतात, आणि ‘ब्रिटिश वॉर मेडल’चा मूळ ३६ मिलिमीटरचा व्यास कमी भरला की शंका घ्यावी.

शंभर वर्षे ओलांडलेली ऐतिहासिक वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. तेव्हा परदेशी गिऱ्हाईक शोधण्याऐवजी कडेचा फोटो काढा, गाव लिहा, डिस्चार्ज बुक असेल तर ते पदकासोबतच ठेवा.