टायर फुटला, तर ब्रेकवर पाय नको

वस्तीतून लग्नाला किंवा दीक्षाभूमीला गाडी खच्चून भरून निघते. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. हवा कमी आणि माणसं जास्त असली, की टायर सारखा दबतो, तापतो आणि फुटतो. उन्हाळ्यात तर लवकरच.

फुटताना धडाम आवाज होतो, गाडी एका बाजूला ओढते आणि पाय आपसूक ब्रेकवर जातो. तेच टाळा. करकचून ब्रेक मारला, तर गाडी उलटू शकते. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट व सरळ धरा. रेस हळूहळू सोडा. वेग उतरला, की डावीकडे घेऊन थांबा. दुचाकी असेल तर फुटलेल्या चाकाचा ब्रेक लावू नका. दुसऱ्याचा हलकेच लावा.

थांबल्यावर चारही इंडिकेटर लावा, सगळ्यांना रस्त्यापासून दूर न्या. फुटलेला टायर बघत रस्त्यावर उभ्या राहिलेल्यांना मागच्या गाडीने उडवल्यावर मी वॉर्डात पट्ट्या बांधल्या आहेत. कोणी जखमी असेल, तर मान न हलवता १०८ ला फोन करा.

आणि निघायच्या दिवशी सकाळीच, टायर थंड असताना, हवा तपासा. चालकाला हे विचारायला लाजू नका. गाडीत आपली लेकरं असतात.