एक्स-रे क्लीअर, तरी धाप का?

ताप गेला, रिपोर्ट निगेटिव्ह आला, ऑफिसही सुरू झालं. पण लिफ्ट बंद असली की दुसऱ्याच मजल्यावर दम लागतो. घरचे म्हणतात अशक्तपणा, मित्र म्हणतात वजन वाढलंय. एक्स-रे तर एकदम क्लीअर! मग घोळ कुठे आहे?

कधीकधी तो रक्तवाहिन्यांत असतो. आपल्या फुप्फुसांत ३० कोटींहून जास्त हवेच्या पिशव्या असतात आणि प्रत्येकीभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. ऑक्सिजन रक्तात शिरतो तो इथेच. कोविडमध्ये या वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होऊ शकते आणि बारीक गुठळ्या धरतात. हवा आत येते, पण ती उचलायला पुरेसं रक्तच पोचत नाही. म्हणजे प्लॅटफॉर्मवर गर्दी, पण लोकल कॅन्सल!

२०२० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. कोविडने आणि फ्लूने दगावलेल्या प्रत्येकी सात जणांची फुप्फुसं तपासली, तेव्हा कोविडवाल्यांच्या केशवाहिन्यांत गुठळ्यांचं प्रमाण नऊपट दिसलं. पुढे ऑक्सफर्डमध्ये प्रोफेसर फर्गस ग्लीसन यांच्या टीमने पेशंट्सना झेनॉन वायू हुंगायला देऊन एमआरआय काढले. साधा सीटी जवळपास नॉर्मल असलेल्यांतही वायू रक्तात उतरण्यात अडथळा दिसला. थोडक्यात, ‘सगळं तुझ्या मनात आहे’ हे दर वेळी खरं नसतं.

अर्थात, प्रत्येक धाप म्हणजे गुठळी नव्हे. अ‍ॅनिमिया, दमा, हृदयाचा त्रास किंवा नुसता सुटलेला व्यायामही कारण असू शकतो. म्हणून चेस्ट फिजिशियनना गाठा. सहा मिनिटं चालायची टेस्ट, डीएलसीओ, टूडी एको आणि गरज पडली तर सीटी अँजिओ किंवा व्हीक्यू स्कॅन, असा हा प्रवास असतो. गुठळी सापडलीच, तर रक्त पातळ करणारी औषधं निदान तीन महिने चालतात. ती मनाने सुरू करू नका आणि मनाने बंदही करू नका. तीन महिन्यांनंतरही दम लागत असेल, तर पुन्हा तपासणी हवीच. जुनी गुठळी हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आणू शकते.

थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा:
- अचानक वाढलेली धाप किंवा छातीत कळ
- खोकल्यातून रक्त
- एकाच पायाला सूज आणि दुखणं
- चक्कर येऊन पडणं

डेडलाइन एक दिवस पुढे ढकलता येते. डॉक्टरांची अपॉइंटमेंट मात्र याच आठवड्यात घ्या!